बोटीला आधी धक्का हवा

वाचकांचे प्रश्न : परदेशातला धंदा, कायदा आणि कागदपत्रं

ताई, आम्ही नवरा-बायको मूळचे सांगलीचे. 11 वर्षांपूर्वी इंग्लंडात आलो, कायमचा रहिवास मिळून 3 वर्षं झाली. ग्रँड युनियन कालव्यावरची एक 57 फुटी जुनी नॅरोबोट, म्हणजे कालव्यातली लांब अरुंद बोट, बघून ठेवली आहे. दिवसा मिसळ, वडापाव, चहा आणि शुक्रवार-शनिवारी रात्री 1 वाजेपर्यंत बीअर, आंब्याचं कॉकटेल आणि गरम खाणं, असा बेत आहे. बोट रिकमन्सवर्थपासून पार लेमिंग्टनपर्यंत फिरवायची. मग वाटेतल्या प्रत्येक कौन्सिलचा परवाना काढायचा का? एक मित्र म्हणतो, रात्री 11 नंतर साधा चहा विकायलाही परवाना लागतो. चेष्टा करतोय ना? त्याच्याकडे स्वतःचं पर्सनल लायसन्स आहे, ते आमच्या बोटीला चालेल का? (एक जोडपं, वॉटफर्ड)

मित्र चेष्टा करत नाही. चहापासूनच सुरुवात करते, कारण एका कौन्सिलच्या लायसन्सिंग टेबलावर मी 17 वर्षं बसले आणि या एका गोष्टीवर माणसं जेवढी हसली तेवढी दुसऱ्या कशावर हसली नाहीत.

इंग्लंड आणि वेल्समध्ये 2003 चा लायसन्सिंग कायदा 24 नोव्हेंबर 2005 पासून पूर्णपणे लागू झाला. त्याआधी दारूचे परवाने मॅजिस्ट्रेट देत, तेव्हापासून कौन्सिल देतं. या कायद्यात दारूविक्रीच्या शेजारीच ‘रात्रीचं खाणंपिणं’ म्हणून एक वेगळा प्रकार आहे. रात्री 11 ते पहाटे 5 या वेळात लोकांना गरम खाणं किंवा गरम पेय विकायचं तर परवाना हवा. थंड विकायला नको. म्हणजे तुमच्या बोटीवर सव्वाअकराला सोलकढी विकली तर कोणी विचारणार नाही, चहा विकला तर विचारतील. वडा सकाळी तळून गार झाला असेल आणि तसाच पावात घालून दिलात तर चालतो. तोच वडा गिऱ्हाइकासाठी पुन्हा कढईत सोडलात की परवाना हवा. मिसळीचं तर सांगायलाच नको, गार कट कोण खाणार?

‘मग बीअर घेणाऱ्याला चहा फुकट देऊ’ ही पळवाट तुम्हाला सुचली असेल, सगळ्यांनाच सुचते. खरोखर फुकट दिलेला चहा कायद्याबाहेर आहे, पण चहा मिळण्यासाठी आधी दुसरं काही विकत घ्यावं लागत असेल किंवा आत यायचे पैसे भरावे लागत असतील, तर तो फुकट धरत नाहीत. कायदा लिहिणाऱ्यांनी आपल्यासारखी बरीच माणसं पाहिलेली असावीत.

आता मुख्य प्रश्न. प्रत्येक कौन्सिलचा परवाना लागत नाही. कायद्याच्या 189 व्या कलमात बोटीची सोय करून ठेवली आहे. कायमची एका जागी बांधलेली नसलेली बोट जिथे नेहमी बांधली जाते, तिथलीच वास्तू आहे असं समजायचं आणि त्या जागेच्या कौन्सिलकडे अर्ज करायचा. परवाना मिळाला की बोट पुढे ट्रिंगला असो की ब्रॉन्स्टनला, तो तिच्याबरोबर जातो. रस्त्यावरच्या गाड्यांना ही मुभा नाही. खाण्याची गाडी जिथे उभी राहील तिथली वास्तू धरली जाते आणि चालत्या गाडीत दारू विकणं तर गुन्हाच आहे. बोटीला ती बंदी लागू नाही. पाण्यावर असण्याचा कायद्यात एवढा एक फायदा आहे, बाकी सगळा ताप आहे.

पण ‘नेहमी बांधली जाते’ ती जागा कुठे आहे? तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. बोटीची लांबी आहे, कॉकटेलची चव आहे, मुरिंगचा, म्हणजे बोट बांधायच्या हक्काच्या जागेचा, शब्द नाही. म्हणून सांगते, बोटीचे पैसे देऊ नका, आधी धक्का शोधा. 1995 च्या कालव्यांच्या कायद्यानुसार ज्या बोटीला स्वतःची मुरिंग नाही तिने एका जागी 14 दिवसांपेक्षा जास्त थांबायचं नाही. तसं फिरत राहून दिवसा वडापाव आणि चहा विकणारे लोक आहेत, त्यांच्यासाठी कालव्याचं फिरत्या व्यापाऱ्याचं लायसन्स असतं. दारूच्या अर्जात मात्र टेबलापलीकडचा माणूस पहिलाच प्रश्न विचारेल, बोट राहते कुठे? ‘सगळीकडे’ हे उत्तर देऊन पाहिलेला एक गृहस्थ मला आठवतो. गोड माणूस, दाढी पोटापर्यंत. त्याचा अर्ज मी तीन वेळा परत दिला.

मुरिंग घेतानाही तिथे धंदा करायला परवानगी आहे का, ते लेखी घ्या. राहण्यासाठी दिलेल्या बऱ्याच मुरिंगच्या करारात धंद्याला मनाई असते आणि कौन्सिलच्या नियोजन खात्याची मंजुरी हा वेगळाच विषय निघू शकतो. कालव्याचं लायसन्सही खाजगी चालणार नाही, व्यवसायाचं लागेल. ते कालवे सांभाळणारा कॅनल अँड रिव्हर ट्रस्ट देतो. 2012 मध्ये ब्रिटिश वॉटरवेज या सरकारी संस्थेचं काम त्यांच्याकडे आलं. बोटीच्या दारूपरवान्याच्या अर्जाची प्रत पोलीस, अग्निशमन दल, पर्यावरण-आरोग्य विभाग अशा नेहमीच्या मंडळींबरोबर त्या जलमार्गाच्या चालकालाही पाठवावी लागते. जमिनीवरच्या पबवाल्याला ही भानगड नसते.

धक्क्यावर वीज आहे का, हेही आत्ताच विचारा. बांधलेल्या बोटीचं इंजिन किंवा जनरेटर रात्री 8 ते सकाळी 8 चालवायचा नाही, असा ट्रस्टचा नियम आहे. तुमचा खरा धंदा 8 नंतर सुरू होतो! बीअरचा फ्रिज बॅटरीवर निघेल कसाबसा, पण रात्री 1 पर्यंत तळणी, चहाची किटली आणि दिवे काढायचे तर किनाऱ्यावरून वायर हवी. तळणीला सिलिंडरचा गॅस वापराल तर लक्षात ठेवा, तो हवेपेक्षा जड असतो. घरात गळला तर दारा-खिडकीतून निघून जाईल, बोटीत तळाशी साठून राहतो आणि ठिणगीची वाट बघतो. बोटीचं सुरक्षा प्रमाणपत्र दर 4 वर्षांनी काढावं लागतं आणि धंद्याच्या बोटीची तपासणी खाजगीपेक्षा कडक असते. जुनी बोट घेताना विक्रेत्याने दाखवलेलं प्रमाणपत्र त्याच्या खाजगी वापराचं आहे की काय, ते बघा.

पर्सनल लायसन्सबद्दल. आपल्याकडच्या माणसाचा इथे हमखास गोंधळ होतो, कारण महाराष्ट्रात परमिट पिणाऱ्याला लागतं. परमिट रूम हा शब्दच त्यातून आला. इंग्लंडात पिणाऱ्याला काही लागत नाही, विकणाऱ्याला लागतं आणि तेही दोन वेगवेगळे कागद. एक जागेचा परवाना, तुमच्या बाबतीत बोटीचा. दुसरा माणसाचा, तो पर्सनल लायसन्स. बोटीच्या परवान्यावर एका जबाबदार व्यक्तीचं नाव लागतं आणि त्या व्यक्तीकडे पर्सनल लायसन्स असावं लागतं. मित्राचं नाव तो लेखी संमती देत असेल तर चालेल. पण विक्रीची रोजची सूत्रं त्याच्या हातात हवीत आणि तो आठवडाभर दुसऱ्या गावी नोकरी करत असेल तर पोलीस भुवई उंचावणार. त्याचं लायसन्स स्कॉटलंडमधलं असेल तर इथे उपयोग शून्य, तिथला कायदाच वेगळा आहे.

त्यापेक्षा तुम्ही दोघांनीही काढा. एक दिवसाचा कोर्स, शेवटी पर्याय निवडायची 40 प्रश्नांची परीक्षा, महिन्याच्या आतला गुन्हेगारी नोंद तपासणीचा दाखला, फोटो आणि 37 पौंड. 2015 पासून त्याचं नूतनीकरणही लागत नाही. हा अर्ज मात्र तुम्ही राहता त्या कौन्सिलकडे जातो आणि बोटीचा अर्ज बोट बांधता त्या कौन्सिलकडे. दोन्ही एकाच पाकिटात घालून पाठवलेले अर्ज मी वर्षाला चार-पाच तरी पाहिले. 2017 पासून अर्जदाराला इथे काम करायचा हक्क आहे का हेही तपासतात. कायमचा रहिवास असल्याने तुम्हाला ती अडचण नाही.

जागेच्या परवान्याचं शुल्क मिळकतीच्या करमूल्यावर ठरतं. फिरत्या बोटीला सहसा करमूल्य नसतं, म्हणून ती सर्वांत खालच्या गटात बसते. अर्जाला 100 पौंड आणि दरवर्षी 70. स्वस्त वाटतंय? अर्जानंतर 10 कामकाजाच्या दिवसांत स्थानिक वर्तमानपत्रात जाहिरात द्यावी लागते, ती या शुल्काहून महाग पडते.

आणि तो निळा कागद. अर्जाच्या दुसऱ्या दिवसापासून सलग 28 दिवस, किमान ए-4 आकाराचा, फिकट निळा, मोठ्या काळ्या अक्षरांतला, येणाऱ्या-जाणाऱ्याला उभ्याने वाचता येईल असा लावायचा. माझ्याकडे आलेल्या एका बोटवाल्याने तो खिडकीला आतून चिकटवला होता आणि ती खिडकी होती पाण्याच्या बाजूला. बदकांशिवाय कोणी वाचला नाही. 28 दिवस पुन्हा पहिल्यापासून. तुम्ही कालव्याकाठच्या पायवाटेच्या बाजूला लावा, प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवीचं तोंड खाली करून. तोंड वर ठेवलं की पाऊस आत शिरतो, शाई पसरते आणि कोणीतरी तक्रार करतं की वेळ वाचता येत नव्हती. रोज एक फोटो काढून ठेवा.

अर्जाच्या फॉर्मवर ‘बोटीवर पिण्यासाठी’ आणि ‘बाहेर नेण्यासाठी’ असे दोन पर्याय येतात. खिडकीतून पायवाटेवरच्या माणसाला बीअर देणार असाल तर ती बाहेरची विक्री झाली, कारण नकाशात दाखवली नसेल तर पायवाट तुमच्या वास्तूचा भाग नाही. दोन्हीवर खूण करा. काही कौन्सिलांत पायवाटेवरच्या गिऱ्हाइकाला विकणं रस्त्यावरच्या विक्रीच्या नियमातही येतं, तेही विचारून घ्या. विक्री 1 ला थांबवायची असेल तर बोट बंद करायची वेळ 1:30 लिहा, हातातला ग्लास संपवायला माणसाला वेळ लागतो.

28 दिवसांत कोणाचा आक्षेप आला नाही तर परवाना मागितला तसा द्यावाच लागतो. आक्षेप आला तर सुनावणी. कालव्यावरचा आक्षेप कुठून येतो ते सांगते. आमच्याकडच्या एका सुनावणीला पलीकडच्या काठावरचे एक आजोबा वही घेऊन आले होते. समोरच्या बोटीने आधी काही तात्पुरते कार्यक्रम केले होते, त्यातल्या प्रत्येक रात्रीची नोंद त्या वहीत. गाण्याबद्दल एक ओळ नाही, भांडणाबद्दल नाही. ‘12:40, बाटल्या.’ ‘12:55, बाटल्या.’ दिवसभराच्या रिकाम्या बाटल्या मालक धंदा संपल्यावर क्रेटमध्ये ओतत असे. रात्री पाण्यावरून तो आवाज असा येतो की स्वयंपाकघरात भांड्यांची मांडणी कोसळली असं वाटावं. समितीने परवाना दिला, पण रात्री 11 ते सकाळी 8 बाटल्या टाकायच्या नाहीत ही अट घातली. तुम्ही ती अट अर्जातच स्वतःहून लिहा. शेजारी बांधलेल्या बोटींतही माणसं झोपलेली असतात, त्यांच्या उशीपासून तुमचं गिऱ्हाईक हातभर अंतरावर असतं. अर्ज टाकण्याआधी त्यांच्याकडे वडे घेऊन जा. गंमत करत नाही.

काही गोष्टी भराभर. माणसं घेऊन बोट चालवणार असाल तर 12 प्रवाशांची मर्यादा पाळा. त्यावर गेलात की ती प्रवासी बोट, तिचं सागरी खात्याचं प्रमाणपत्र आणि चालकाचा वेगळा परवाना, म्हणजे वेगळाच धंदा. नॅरोबोट 7 फूट रुंद असते. बीअरसाठी दहाजण एका खिडकीशी आले तर ती कलते आणि पलीकडच्या फळीवरचे ग्लास घसरत येतात. वाइन 125 मिलिलिटरचं, स्पिरिट 25 किंवा 35 चं आणि बीअर अर्ध्या पाइंटची मिळायलाच हवी. पिण्याचं पाणी फुकट द्यावं लागतं, ते तुमच्या टाकीतून जाणार. आणि बीअर पिणारा पाहुणा दुसरी टाकी भरतो, तिचा हिशेब बोट घेताना कोणी सांगत नाही. खाद्यधंद्याची नोंदणी सुरुवात करण्याच्या 28 दिवस आधी, ती फुकट असते.

एवढं सगळं करण्याआधी चव बघायची असेल तर कौन्सिलला तात्पुरत्या कार्यक्रमाची सूचना द्या, तेवढ्या कार्यक्रमापुरती ती परवान्याच्या जागी चालते. 21 पौंड, किमान 10 पूर्ण कामकाजाचे दिवस आधी. एका वेळी 499 माणसांपर्यंत (तुमच्या बोटीत 30 मावली तरी पुष्कळ), सलग 168 तासांपर्यंत. दारू, गरम खाणं, गाणं सगळं त्यात येतं. एका जागेला वर्षात 15 वेळा आणि एकूण 21 दिवस. पर्सनल लायसन्स नसताना एका माणसाला वर्षात 5 सूचना देता येतात, असताना 50. दोन-तीन शनिवार करून बघा. रात्री साडेबाराला कालव्यावर मिसळ मागणारं कोणी येतं का, हे 21 पौंडांत कळतंय. परवाना किंवा ही सूचना नसताना मात्र एक बाटलीही विकू नका, दंडाला वरची मर्यादा नाही आणि 6 महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते.

आमचं मंडळ यंदा कोजागिरीला कालव्यावर बांधलेली एक मोठी बोट भाड्याने घेणार आहे. माणशी 12 पौंड, त्यात भेळ आणि रात्री 12 ला मसाला दूध. दारू अजिबात नाही. तरी बोटवाला परवान्याचं विचारतोय. दुधाला परवाना? (मंडळाचा खजिनदार, लेस्टर)

वरचं चहाचं उत्तर वाचलंत तर तुमचं उत्तर तुम्हीच द्याल. दूध गरम आहे, 11 नंतर आहे आणि तिकिटात त्याचे पैसे धरलेले आहेत. परवाना लागतो. बोटीचा स्वतःचा परवाना असेल तर त्यात रात्रीचं खाणंपिणं किती वाजेपर्यंत आहे ते बघा. ‘बोटीला लायसन्स आहे’ एवढ्यावर विसंबू नका, बऱ्याच परवान्यांत फक्त दारू असते.

मात्र मंडळ नोंदणीकृत धर्मादाय संस्था असेल तर सुटलात. अशा संस्थेने स्वतः किंवा तिच्या परवानगीने दुसऱ्याने दिलेलं गरम खाणंपिणं या कलमातून वगळलं आहे. खजिनदार आहात म्हणजे नोंदणी क्रमांक तुमच्याकडेच असेल, तो बोटवाल्याला द्या. नोंदणी नसेल तर 21 पौंडांची सूचना किंवा दूध 10:45 ला. तिसरा मार्ग दूध गार देण्याचा, पण इंग्लंडच्या ऑक्टोबरात, पाण्यावर, रात्री बाराला गार मसाला दूध प्यायला लावलंत तर पुढच्या निवडणुकीत खजिनदार बदलेल.

गाण्याचं तुम्ही विचारलं नाहीत, पण पेटी-तबला येणारच. श्रोत्यांपुढे 11 नंतर गायचं असेल तर तेही सूचनेत लिहा, त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत. चंद्र दिसेल की नाही ते लेस्टरच्या ढगांना विचारा.

माझा मुलगा बर्मिंगहॅमला एम.एस्सी. करतोय, स्टुडंट व्हिसावर. तिथल्या एका बोटीवरच्या बारमध्ये भागीदारी मिळते म्हणतो, 4 लाख रुपये मागतोय. द्यावेत का? (एक वडील, पुणे)

देऊ नका. स्टुडंट व्हिसावर स्वतःचा धंदा करता येत नाही आणि त्याला भागीदार करून घेणाऱ्याला हे ठाऊक असणार. पगारावर काम चालतं, पदवी पातळीच्या अभ्यासक्रमाला सत्र चालू असताना सहसा आठवड्याला 20 तासांपर्यंत. त्याच्या व्हिसावर लिहिलेले तास त्याने स्वतः बघावेत. दुसऱ्याच्या बारमध्ये ग्लास भरायला त्याला पर्सनल लायसन्स लागत नाही, लायसन्सवाल्याने विक्रीचे अधिकार दिलेले असले की झालं. तो अधिकार लेखी घ्यायला सांगा.

आणि त्याला एवढं विचारायला सांगा की ती बोट नेहमी कुठे बांधलेली असते आणि परवान्यावर नाव कोणाचं आहे. परवान्याचा सारांश बोटीवर सहज दिसेल असा लावलेला असावा लागतो. मुलाने जाऊन त्याचा फोटो पाठवला तर मला पाठवा, मी वाचून सांगते.